120 ग्रॅमची पुडी

बीटी कपाशीच्या बियाण्याचं पाकीट ज्यांच्या घरात फुटलंय, त्यांना आठवत असेल. 450 ग्रॅम बीटी सरकी, आणि सोबत 120 ग्रॅमची एक वेगळी पुडी. त्या पुडीत साधी, नॉन-बीटी सरकी असायची. माझं गाव केनवड, तालुका रिसोड, जिल्हा वाशिम. आता आमच्याकडं जिकडंतिकडं सोयाबीन दिसतं, पण माझ्या लहानपणी कपाशी बरीच असायची. तेव्हा ही पुडी मी नेहमी बांधावर पडलेली पाहिली. कुणी ती फेकून द्यायचं, कुणी नांग्या भरायला वापरायचं. ती कशासाठी आहे, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं.

ती पुडी कशासाठी होती, हे मला फार उशिरा कळलं. ते कळलं तेव्हा मी कपाशीबद्दल वाचत नव्हतो. रक्ताच्या कर्करोगावरच्या एका उपचाराबद्दल वाचत होतो.

एप्रिल 2024 मध्ये गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. 4 एप्रिलला आयआयटी मुंबईत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते 'नेक्सकार19' या उपचाराचं लोकार्पण झालं होतं. भारतात तयार झालेली ही पहिली कार-टी उपचारपद्धती. व्हिडिओत तिरंगा होता, मागं जोरदार संगीत होतं आणि 'कॅन्सरवर मात' असे शब्द होते. खाली अंगठ्यांची रांग लागली. मग शेजारच्या एका काकांनी मला फोन केला. त्यांच्या नात्यात एकाला रक्ताचा कॅन्सर होता.

"हे अकोल्यात भेटते का?"

"नाही काका. मुंबईले जा लागते."

"किती लागतेत?"

मी बातमीतला आकडा सांगितला. साधारण 30 ते 40 लाख. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंग हे आपल्याले कायले पाठवलं?"

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. उपचाराला नावं ठेवण्याचा त्याचा हेतू नाही. उपचार खरा आहे, आणि त्यामागचं काम मोठं आहे. मला बोलायचंय ते त्याच्या गोष्टीबद्दल. शास्त्रज्ञाच्या कामाची गोष्ट आपण कशी सांगतो, तिच्यातलं काय ठेवतो आणि कुठली पुडी बांधावर टाकून देतो, याबद्दल.

विषाणूला कामाला लावणं

आधी हे काम काय आहे ते पाहू. आपल्या रक्तात टी पेशी असतात. शरीरातला शत्रू ओळखून त्याला मारणं हे त्यांचं काम. पण काही रक्ताच्या कर्करोगांत बिघडलेल्या बी पेशी आपल्याच असल्यानं टी पेशी त्यांना शत्रू मानत नाहीत. कार-टी उपचारात रुग्णाच्या टी पेशी बाहेर काढतात आणि त्यांत एक नवं जनुक घालतात. या जनुकामुळं टी पेशीवर एक नवी खूण-ओळख उगवते. बी पेशींच्या अंगावर सीडी19 नावाचं प्रथिन असतं, ते तिला आता दिसतं. मग या पेशी वाढवून पुन्हा रुग्णाच्या शरीरात सोडतात.

हे जनुक पेशीत पोचवायचं कसं? इथं विषाणू येतो. पेशीत घुसून आपलं जनुक तिथं बसवणं हा विषाणूचा जन्मजात धंदा आहे. लेंटिव्हायरस वाहक ज्या विषाणूपासून बनवतात तो एचआयव्ही. रोग घडवणारा त्याचा भाग काढून टाकायचा, पुन्हा वाढण्याची क्षमता काढून टाकायची, आणि उरलेल्या सांगाड्यात आपल्याला हवं ते जनुक ठेवायचं. एड्सच्या विषाणूचं पोस्टमनमध्ये रूपांतर. विसाव्या शतकातल्या सर्वांत भीतिदायक विषाणूला माणसानं असं कामाला लावलं, ही गोष्ट कुठल्याही विज्ञानकथेपेक्षा कमी नाही.

मुंबईतल्या या कामाच्या मध्यभागी राहुल पुरवार हे नाव आहे. जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये पीएचडी, मग अमेरिकेत हार्वर्डमध्ये संशोधन, आणि 2013 मध्ये आयआयटी मुंबईत प्राध्यापक. 2018 मध्ये 'इम्युनोअ‍ॅक्ट' ही कंपनी निघाली. 2021 मध्ये टाटा मेमोरियल सेंटरमध्ये पहिल्या रुग्णाला हा उपचार दिला गेला. ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली. अमेरिकेत अशाच उपचाराची किंमत पावणेचार लाख डॉलरच्या पुढं. इथं ती त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर आली.

गोष्ट जशी माझ्या फोनवर आली

आता हीच गोष्ट माझ्या फोनवर कशी आली ते बघा. एक हुशार मुलगा परदेशी जातो, तिथं मोठ्या ठिकाणी काम करतो, तिथली सुखं सोडून मायदेशी येतो, आणि अमेरिकेला जे महागात पडतं ते आपण स्वस्तात करून दाखवतो. नायक एक, झेंडा एक, किमतीचा आकडा एक. व्हिडिओ संपला.

हा साचा आपल्या ओळखीचा आहे. शाळेतल्या धड्यांपासून स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांपर्यंत शास्त्रज्ञाचं चरित्र आपण असंच वाचत आलोय. गरिबी, रस्त्याच्या दिव्याखालचा अभ्यास, परदेश, परतणं, पुरस्कार. खगोलशास्त्रज्ञाच्या बाबतीत हा साचा फार नुकसान करत नाही. ताऱ्याचं कुणी ऑपरेशन करत नाही, आणि आकाशगंगेला दवाखान्याचं बिल येत नाही. पण जनुकोपचारात शास्त्रज्ञाच्या कामाचा शेवटचा टप्पा दुसऱ्या माणसाच्या शरीरात घडतो. त्या माणसाला वगळून शास्त्रज्ञाचं चरित्र पुरं होत नाही.

शिवाय हे काम एकट्याचं नसतंच. पुरवार यांच्या प्रयोगशाळेत अथर्व कारुळकर, अल्का द्विवेदी यांच्यासारख्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं पेशी वाढवल्या. टाटा मेमोरियलमध्ये हसमुख जैन आणि गौरव नरुला या डॉक्टरांनी रुग्णांवरच्या चाचण्या सांभाळल्या. बातमीतल्या फोटोत एवढी माणसं मावत नाहीत हे मला कळतं. पण केनवडमधल्या बारावी सायन्सच्या मुलीला प्रयोगशाळेतली रोजची नोकरी कशी असते हे कळायचं असेल, तर तिला 'महान शास्त्रज्ञ' उपयोगाचा नाही. तिला ती पीएचडी करणारी मुलगी दिसायला हवी.

पुडीत काय होतं

मार्च 2025 मध्ये या उपचाराच्या चाचण्यांचे निकाल 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी' या नियतकालिकात आले. 64 रुग्ण सहभागी झाले होते. ज्यांच्यावरचा परिणाम मोजता आला अशा 51 जणांपैकी 37 जणांना, म्हणजे 73 टक्क्यांना, उपचार लागू पडला. हे सगळे असे रुग्ण होते ज्यांचा आजार आधीच्या उपचारांना दाद देत नव्हता किंवा उलटून आला होता. त्यांच्या बाबतीत हा आकडा मोठा आहे.

त्याच निबंधात हेही लिहिलंय की बहुतेक रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली गेल्या, आणि दोन मृत्यू उपचारामुळं झाले. शास्त्रज्ञांनी हे लपवलं नाही. निबंधाच्या सारांशातच ते आहे. पण तिथून माझ्या फोनपर्यंत येताना फक्त 73 उरला. 51 वजा 37 किती, हा हिशेब वाटेत कुठं तरी पडला. ते दोन मृत्यूही पडले. हा उपचार सगळ्या कर्करोगांसाठी नाही, ठरावीक रक्ताच्या कर्करोगांसाठी आणि इतर उपाय थकल्यावरच आहे, ही ओळसुद्धा पडली. काकांच्या नातेवाइकाला तो लागू होता की नाही, हे ठरवायला नेमकी हीच ओळ लागली असती.

ही ती 120 ग्रॅमची पुडी.

हरलेल्या चाचणीचं चरित्र

पुडीसकट गोष्ट सांगता येते का? येते. सिद्धार्थ मुखर्जी यांचं 'द जीन' हे इंग्रजी पुस्तक 2016 मध्ये आलं. त्यात जेसी गेल्सिंगर या अठरा वर्षांच्या अमेरिकन मुलाची हकिकत आहे, आणि ती वाचल्यावर जनुकोपचाराच्या बातम्या तुम्ही पूर्वीसारख्या वाचू शकत नाही.

जेसीला यकृताचा एक जनुकीय आजार होता, पण सौम्य. औषधं आणि पथ्य यांवर तो जगत होता. पेनसिल्व्हानिया विद्यापीठातल्या चाचणीतून त्याला स्वतःला काही मिळणार नव्हतं. याच आजारानं जन्मतः मरणाऱ्या बाळांच्या उपयोगी पडावं म्हणून तो तयार झाला. 13 सप्टेंबर 1999 रोजी त्याच्या यकृताकडं जाणाऱ्या रक्तवाहिनीत अ‍ॅडेनोव्हायरस वाहक सोडला गेला. त्याच्या शरीरानं विषाणूविरुद्ध असा काही उठाव केला की 17 सप्टेंबरला तो गेला. पुढं चौकशीत निघालं की त्याच्या रक्तातल्या अमोनियाचं प्रमाण नियमापेक्षा जास्त असताना त्याला चाचणीत घेतलं होतं, आणि माकडांवरच्या प्रयोगांतले मृत्यू संमतिपत्रात सांगितले नव्हते. प्रयोगशाळेचे प्रमुख जेम्स विल्सन यांचा या तंत्राशी संबंधित कंपनीत आर्थिक हिस्सा होता.

साच्यातलं चरित्र असतं तर इथं विल्सन खलनायक झाले असते आणि गोष्ट संपली असती. तसं झालं नाही. त्यांच्यावर माणसांवरच्या चाचण्या चालवण्याची वर्षानुवर्षं बंदी आली. त्या काळात त्यांच्या प्रयोगशाळेनं कमी भडकवणारे वाहक शोधले. 2004 साली जगासमोर आलेला एएव्ही9 हा त्यांपैकी एक. 2009 मध्ये विल्सन यांनी त्या चाचणीतून आपण काय शिकलो यावर स्वतः निबंध लिहिला. 2018 मध्ये त्यांच्याच गटानं इशारा दिला की हे नवे वाहकसुद्धा फार मोठ्या मात्रेत दिले तर प्राण्यांमध्ये गंभीर विषबाधा दिसते. ज्या माणसाच्या देखरेखीखाली एक मुलगा गेला, त्यानं वीस वर्षांनी आपल्याच शोधाबद्दल 'सावकाश' म्हणणं, हा मला कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठा प्रसंग वाटतो.

मुखर्जी यांचं यश हे की ते जेसीच्या मृत्यूला 'प्रगतीची किंमत' म्हणून दोन ओळींत गुंडाळत नाहीत. जेसीचे वडील त्यांच्या पानांवर माणूस म्हणून उभे राहतात. आधी डॉक्टरांच्या बाजूनं उभा राहिलेला आणि नंतर एकेक गोष्ट कळत गेल्यावर विश्वास गमावलेला बाप. आणि लेखकाच्या स्वतःच्या घराण्यातल्या मानसिक आजारांची गोष्ट शेजारून चालत राहते, त्यामुळं 'दोष असलेलं जनुक' हा शब्द त्यांना हलक्यानं वापरता येत नाही.

पण पुस्तकाची मर्यादाही सांगायला हवी. त्यात भारत येतो तो मुख्यतः आठवण म्हणून, कोलकात्यातलं आणि दिल्लीतलं घर म्हणून. हा उपचार इथं कुणी घडवेल, इथं कुणाला लागेल, त्याला किती पैसे पडतील, हे प्रश्न पुस्तकाच्या केंद्रात नाहीत. पुढं मुखर्जी स्वतःच बंगळुरूच्या 'इम्युनील' या कंपनीचे एक संस्थापक झाले, आणि तिचा कार-टी उपचार जानेवारी 2025 मध्ये भारतात बाजारात आला. म्हणजे आज 'द जीन' वाचताना आपण एका उत्कृष्ट लेखकाला वाचतो आणि या क्षेत्रातल्या एका उद्योजकालाही. यात गैर काही नाही. पण विल्सन यांच्या कंपनीतला हिस्सा जर गोष्टीचा भाग असेल, तर हेसुद्धा वाचकाला माहीत असलेलं बरं.

सोळा कोटींची गोष्ट

एएव्ही9 हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण त्याच्यातून आलेलं औषध तुम्हाला माहीत आहे. 2021 मध्ये महाराष्ट्रात प्रत्येक फोनवर 'सोळा कोटींचं इंजेक्शन' फिरत होतं. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी हा आजार असलेल्या मुंबईतल्या एका बाळासाठी लोकांनी पैसे जमवले, आणि केंद्र सरकारनं सुमारे सहा कोटींचे कर माफ केले. ते औषध झोल्गेन्स्मा. त्यातलं जनुक स्नायूंच्या चेतापेशींपर्यंत पोचवणारा वाहक म्हणजे विल्सन यांच्या प्रयोगशाळेतला हा एएव्ही9.

ती गोष्टही आपण अर्धीच सांगितली. पैसे जमले, टाळ्या वाजल्या, बातमी संपली. त्याच वर्षी पुण्याजवळच्या आणखी एका बाळाला हे इंजेक्शन मिळालं आणि साधारण दीड महिन्यात ते गेलं. मृत्यूचं कारण औषधच होतं असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की पैसे जमवतानाच्या गोष्टीत 'इंजेक्शन मिळालं की बाळ वाचलं' असं गृहीत होतं. आजार किती पुढं गेलाय, झालेलं नुकसान औषध भरून काढत नाही, हे त्या गोष्टीत नव्हतं. मदत करणारे चकित झाले, आणि अशा वेळी चकित झालेला माणूस पुढच्या वेळी हात आखडता घेतो.

"पण लोक घाबरतील ना?"

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो पोकळ नाही. मृत्यूचे आकडे, दुष्परिणाम, कंपन्यांचे हिस्से हे सगळं सांगत बसलं तर लोक घाबरतील. एचआयव्हीपासून बनवलेला वाहक म्हटल्यावर गावात काय अफवा उठतील? कोविडच्या लशीच्या वेळी आपण ते पाहिलंय. त्यापेक्षा आशा द्यावी, बारकावे डॉक्टरांवर सोडावेत.

मला हा आक्षेप पटला असता, पण आमच्या भागानं जनुकतंत्राची एक अर्धी गोष्ट आधीच भोगलीय. मार्च 2002 मध्ये बीटी कपाशीला मंजुरी मिळाली. जालन्याची महिको आणि मोन्सँटो यांच्या भागीदारीतून ती आली. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलं होतं. ते जनुक चालू ठेवणारी कळसुद्धा फुलकोबीवरच्या एका विषाणूतून घेतलेली. बोंडअळीनं पान खाल्लं की मरायची. तंत्र खरं होतं, आणि सुरुवातीला फवारण्या कमीही झाल्या.

पण त्या तंत्राची एक अट होती. शेताच्या कडेनं नॉन-बीटी कपाशीच्या ओळी लावायच्या. तिथं साध्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग बीटीला सरावलेल्या पतंगांशी जुळतील, आणि सरावलेल्या अळ्यांची औलाद पातळ होत राहील. 120 ग्रॅमची पुडी यासाठी होती. दुकानात मात्र गोष्ट वेगळी सांगितली गेली: 'अळी लागत नाही.' ज्याच्याकडं दोन-तीन एकरच आहे, तो अळीला खायला पाच ओळी का लावेल? कुणी समजावलं असतं तर कदाचित लावल्या असत्या. पुडी बांधावर गेली. जोडीला लांब मुदतीचे वाण आणि फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही उभी ठेवलेली कपाशी. अळीला बारमाही जेवण मिळालं. 2017 मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीनं बोंडं आतून पोखरली तेव्हा शेतकरी म्हणाला, बीटीनं फसवलं. बीटीनं जे सांगितलं होतं त्यातला अर्धा भाग त्याच्यापर्यंत आलाच नव्हता.

म्हणून 'लोक घाबरतील' याला माझं उत्तर असं: अर्धी गोष्ट ऐकून लोक घाबरत नाहीत हे खरं. ते नंतर फसवले जातात. आणि फसवला गेलेला माणूस घाबरलेल्या माणसापेक्षा जास्त काळ दूर राहतो.

मराठीत हे नवं नाही

मराठी वाचकाला अपुरेपणासकट विज्ञान झेपत नाही, असंही कुणी म्हणू नये. जयंत नारळीकरांनी आयुष्यभर महास्फोट सिद्धांतावर प्रश्न उभे केले. विश्वरचनाशास्त्रात बहुमत त्यांच्या बाजूनं नव्हतं. तरी त्यांचं 'चार नगरांतले माझे विश्व' हे आत्मचरित्र मराठी वाचकानं आवडीनं वाचलं, त्याला 2014 चा साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. शास्त्रज्ञ अल्पमतात असू शकतो, तरी त्याचं आयुष्य वाचण्यासारखं असतं, हे आपल्या वाचकाला कळतं. कळत नसेल तर ते फॉरवर्ड बनवणाऱ्याला.

नेक्सकार19 वर एक चांगलं मराठी पुस्तक यायला हवं. त्यात पुरवार असावेत, विद्यार्थी असावेत, रात्रपाळीला ताप मोजणारी नर्स असावी. ज्या 37 जणांना गुण आला त्यांच्यातला कुणी असावा, आणि बाकीच्या 14 जणांतल्या कुणाचं घरही असावं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण पाच लाखांपर्यंत आणि उपचार तीस-चाळीस लाखांचा, मधली दरी कोण आणि कशी भरतो, हे असावं. वाशिमहून सुमारे पाचशे किलोमीटरवरच्या मुंबईत पेशंट घेऊन गेलेल्या माणसाचं राहणं, जेवणं, बुडालेली पेरणी असावी. हे सगळं त्या संशोधनाचाच भाग आहे, कारण स्वस्त केल्याचा दावा ज्याच्यासाठी केलाय तो माणूस हाच.

कपाशीच्या बाबतीत शेवटी एक शहाणपण सुचलं. वेगळी पुडी लोक फेकतात, म्हणून नॉन-बीटी सरकी त्याच पाकिटात मिसळून द्यायची पद्धत आली. आता ती वेगळी काढून फेकता येत नाही. फार उशीर झाला होता, पण कल्पना बरोबर होती. विज्ञानाबद्दल लिहिणाऱ्यांनी तेवढंच करावं. अट, अपयश आणि किंमत शेवटच्या परिच्छेदात किंवा बारीक अक्षरात ठेवू नये. ज्या वाक्यात आशा आहे, त्याच वाक्यात मिसळून द्यावी.

काकांना मी परत फोन केला. त्यांच्या नातेवाइकाचा आजार कुठल्या प्रकारचा आहे, हे आधी रिपोर्टमध्ये बघा म्हटलं, कारण हे औषध सगळ्यांसाठी नाही. लागू असलं तरी चारातल्या तिघांनाच साधारण गुण येतो, आणि धोका आहे, हेही सांगितलं. मला वाटलं होतं ते फोन ठेवतील. ते म्हणाले, "थांब, कागद आणतो. लिहून घेतो."